चायना, चिनी आणि सीनिय्या

इंग्रजी शिकणाऱ्या चिनीभाषक मुलाला शब्दकोशात एकच शब्द दोनदा भेटतो. पहिल्यांदा त्यातला 'सी' मोठा असतो, तेव्हा तो देश असतो. दुसऱ्यांदा 'सी' लहान असतो, तेव्हा ती कपबशी असते. उच्चार तोच, स्पेलिंग तेच, फक्त पहिल्या अक्षराची उंची वेगळी. ज्याच्या लिपीत लहान-मोठे अक्षर हा प्रकारच नाही, त्याला हा फरक किती जड जातो हे उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. देवनागरीत तो नाही आणि उर्दूतही नाही. आमच्या मुलांच्या इंग्रजीच्या वहीत गावाचे नाव लहान अक्षराने आणि मांजर मोठ्या अक्षराने सुरू होते, ते त्यामुळेच.

पण त्या चिनीभाषक मुलाची खरी अडचण पुढे आहे. त्याच्या भाषेत देशाच्या आणि भांड्याच्या नावांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही. देश म्हणजे 'जोंगक्वो', अर्थ 'मधले राज्य'. चिनी मातीचे भांडे म्हणजे 'त्सची'. दोन्हींपैकी एकाचाही आवाज 'चायना'शी जुळत नाही. चिनी कानाला 'चायना' हा शब्द 'छाय ना' असा, म्हणजे 'ते पाडा' असा ऐकू येतो. शहरांतली जुनी घरे, गल्ल्या धडाधड पाडल्या जाऊ लागल्या तेव्हा तिथल्या लोकांनी यावरून एक कडवट विनोदही केला. आपल्या देशाला जग 'ते पाडा' म्हणते यात काही चूक नाही, असा.

इंग्रजी घरात शिरल्यावर हा शब्द आणखी फिरतो. 'चायना कॅबिनेट' म्हणजे चिनी कपाट नव्हे, तर पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या बश्यांचे काचेचे कपाट. 'चायना शॉप'मध्ये शिरलेल्या बैलाची इंग्रजी म्हण आहे, नाजूक जागी धसमुसळेपणा करणाऱ्यासाठी. नवशिक्याला वाटते की बैल कुणा चिनी माणसाच्या दुकानात घुसला. लग्नाला 20 वर्षे झाली की ती 'चायना' वर्षगाठ. चिनी भाषेतही तिला भांड्यावरूनच नाव आहे, तेवढे एक सोपे जाते. आणि लंडनच्या पूर्व भागातला कॉकनी माणूस जिवलग दोस्ताला 'माय ओल्ड चायना' म्हणतो, कारण 'चायना प्लेट'चे यमक 'मेट'शी, म्हणजे मित्राशी जुळते. हा अर्थ कुठल्याही व्याकरणाने शिकवता येत नाही. ज्या चिनीभाषक मुलाचा जन्म सिंगापूरचा किंवा मलेशियाचा आहे, त्याला तर मोठ्या 'सी'चा चायनाही आपला देश म्हणता येत नाही. त्याच्या घरात फक्त लहान 'सी'चा चायना असतो.

'बोन चायना'ची गोष्ट थोडी थांबून सांगण्यासारखी आहे, कारण आपल्या घरांतही तो शब्द काळजीने उच्चारला जातो. हाड कुठल्या जनावराचे, हा प्रश्न ईदच्या आधी नवे कप घेणाऱ्या कित्येक बायकांनी दुकानदाराला विचारलेला असतो. हे भांडे चीनचे नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या स्टोक गावच्या जोसाया स्पोडने गुराढोरांची हाडे जाळून त्यांची राख मातीत मिसळली. राखेचे प्रमाण जवळपास निम्मे. चीनसारखे पांढरेशुभ्र भांडे साधण्यासाठी केलेला हा खटाटोप. आज तेच भांडे चीनच्या तांगशान शहरात मोठ्या प्रमाणावर बनते आणि चिनी भाषेत त्याला 'हाडाची त्सची' म्हणतात. नक्कल मूळ गावी परत गेली आणि तिचे नाव इंग्रजीतून भाषांतर करून घ्यावे लागले.

आता मुख्य प्रश्न. भांड्याला देशाचे नाव मिळाले, की देशाला भांड्याचे? चीनमध्ये यावर एक उत्तर फार लोकप्रिय आहे. जिंगदेझेन हे चिनी मातीच्या भांड्यांचे जगप्रसिद्ध शहर. 1004 मध्ये सम्राटाने त्याला आपल्या 'जिंगदे' या राजवर्षाचे नाव दिले. त्याआधी त्या गावाला चांगनान म्हणत, म्हणजे चांग नदीच्या दक्षिणेचे गाव. परदेशी व्यापारी तिथून भांडी नेत, 'चांगनान'चे त्यांच्या तोंडी 'चायना' झाले आणि पुढे साऱ्या देशालाच ते नाव पडले. गोष्ट गोड आहे. शिकवायला सोपी आहे. मुलाला दोन्ही 'सी' एका फटक्यात कळतात, आणि आपल्या कुंभारांनी देशाला नाव दिले याचा अभिमानही वाटतो.

फक्त ती खरी नाही. चांगनान हे नाव तांग काळातले, म्हणजे सातव्या शतकानंतरचे. चीनचे नाव त्याआधी कितीतरी शतके जगभर फिरत होते. पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली, ते पुस्तक 'पेरिप्लस' नावाने ओळखले जाते. त्यात आपले सोपारा आणि कल्याण आहे, भडोच आहे, आणि शेवटी दूर उत्तरेकडे 'थिन' नावाचा मुलूखही आहे, जिथून रेशीम बल्खमार्गे भडोचला येते. भांड्यांचा उल्लेख नाही. त्या देशाची ख्याती तेव्हा रेशमाची होती. संस्कृतमध्ये महाभारतात 'चीन' लोक आहेत आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'चीनपट्ट' हे कापड आहे. हा शब्द इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात राज्य केलेल्या 'चिन' घराण्यावरून आला असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यावर वाद आहेत. पण तो जिंगदेझेनच्या भट्टीतून निघालेला नाही, यावर वाद नाही.

मग भांडे कुठे आले? त्याची वाट इराण आणि अरबस्तानातून जाते. संस्कृतातल्या 'चीन'चा फारसीत 'चीन' राहिला. अरबीला 'च' नाही, म्हणून तिथे 'सीन' झाला. चीनचे ते 'चीनी', किंवा 'सीनी'. 851 मध्ये लिहिल्या गेलेल्या 'अखबार अस्-सीन वल्-हिंद' या अरबी पुस्तकात चीनच्या मातीच्या पेल्यांचे वर्णन आहे: इतके पातळ की आत ओतलेले पाणी बाहेरून दिसावे. असा माल किती जात असे याचा पुरावा 1998 मध्ये इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ समुद्राच्या तळाशी सापडला. एक अरबी बांधणीचे गलबत, नवव्या शतकातले, आणि त्यात सुमारे 60,000 चिनी भांडी. त्यातल्या एका वाडग्यावर 826 या सालाशी जुळणारी तारीख कोरलेली आहे.

एवढी भांडी घराघरांत गेली की विशेषण गळून पडते आणि वस्तूच नाव धारण करते. 'चीनची भांडी' म्हणण्याऐवजी नुसते 'चीनी' पुरते. अरबी घरांत 'सीनिय्या' म्हणजे चहाचे पेले ठेवून आणायचा तबक, मग तो पितळेचा का असेना. तुर्कीत 'सिनी' म्हणजे थाळा आणि 'चिनी' म्हणजे भिंतीवरची चकचकीत रंगीत फरशी, जी तुर्कस्तानातच भाजली जाते. मराठीत लोणच्याची बरणी चिनी मातीची. उर्दूत 'चीनी के बर्तन', आणि वर 'चीनी' म्हणजे साखरही. तिच्याच शेजारी 'मिसरी' ठेवा: खडीसाखर, मिस्रची, म्हणजे इजिप्तची. दोन देश एका डब्यात बसलेले असतात आणि आपल्याला पत्ताही नसतो. मराठीने मात्र 'साखर' धरून ठेवली, म्हणून उर्दू घरातले मूल मराठीच्या तासाला 'चिनी' ऐकून आधी चहा आठवते आणि मग बरणी.

'चिनी म्हणजे फरशी' हा तुर्की अर्थ आपल्याकडेही आला. दौलताबादच्या किल्ल्यात चिनी महाल आहे. सहलीला गेलेली मुले तिथे हमखास विचारतात, इथे चिनी राजा राहत होता का? चिनी राजा नव्हता. भिंतींवरच्या निळ्या चकाकत्या फरश्यांवरून ते नाव पडले. 1687 मध्ये गोवळकोंडा पडल्यावर शेवटचा कुतुबशाही सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबाने याच महालात कैदेत ठेवले आणि त्याचे उरलेले आयुष्य तिथेच सरले. आग्र्याला शाहजहानचा वजीर अफजल खान शिराझी याची कबर आहे, तिलाही 'चीनी का रौजा' म्हणतात, तेही फरश्यांमुळेच.

आता इंग्रजांकडे वळू. सोळाव्या शतकात देशाचे 'चायना' हे नाव त्यांना पोर्तुगिजांकडून मिळाले, आणि पोर्तुगिजांना ते हिंदी महासागराच्या बंदरांत ऐकू आले होते. भांड्यासाठी मात्र जुन्या इंग्रजीत 'चेनी', 'चायनी' अशी रूपे दिसतात. कोशकार त्यांचा धागा फारसीच्या 'चीनी'शी जोडतात, जो शब्द तेव्हा इराण आणि हिंदुस्थानच्या बाजारात सर्वांच्या तोंडी होता. पुढे दोन्ही रूपे एकमेकांत मिसळली आणि उरला एकच 'चायना', कधी मोठ्या अक्षराचा, कधी लहान. म्हणजे आज बीजिंगच्या वर्गात बसलेली मुलगी लहान 'सी'चा चायना शिकते, तेव्हा ती जो शब्द उच्चारते त्यावर संस्कृत, फारसी आणि हिंदुस्थानी बाजार यांचे हात लागलेले आहेत.

ही देवाणघेवाण एकतर्फीही नव्हती. पांढऱ्यावर निळी नक्षी, जी आपण अस्सल चिनी समजतो, तिच्यासाठीचा निळा कोबाल्ट बराच काळ इराणकडून येत असे. मिंग काळात एका निळ्या रंगाला चिनी लोक 'हुई निळा' म्हणत, म्हणजे मुसलमानांचा निळा. सम्राट झेंगदे याच्या काळात, 1506 ते 1521, अरबी-फारसी अक्षरे लिहिलेली दौतीची पेटी, कलमांचा आधार अशी भांडी बनली. ती आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात. इराणच्या शाह अब्बासने 1611 मध्ये अर्दबीलच्या दर्ग्याला हजाराहून अधिक चिनी भांडी वक्फ केली.

चांगनानची गोष्ट सांगणाऱ्या शिक्षकाला मी वाईट म्हणणार नाही. त्यामागे एक जखम आहे. संस्कृत 'चीन' बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरांतून चीनमध्ये परत गेला, तिथे 'झ्रना' असा काहीसा लिहिला गेला आणि तिथून जपानला 'शिना' झाला. मुळात त्यात अपमान नव्हता. विसाव्या शतकात जपानी सैन्य चीनवर चालून गेले आणि तोच शब्द शिवीसारखा वापरला गेला. 1946 मध्ये जपानच्या परराष्ट्र खात्याला तो वापरू नये अशी सूचना काढावी लागली. ज्याने हे सोसले आहे, त्याला आपल्या देशाचे परक्यांनी ठेवलेले नाव आपल्याच एखाद्या गावातून निघालेले असावे असे वाटले, तर नवल नाही. आपल्याकडेही हेच चालते. कुणी मराठीतला प्रत्येक फारसी शब्द घासून काढायला निघतो, तर कुणी सरळ संस्कृत शब्दाला अरबी मूळ चिकटवतो. दोघांनाही इतिहासापेक्षा मालकी हवी असते. बाजाराने तर आपला निकाल कधीच दिला आहे: एकेकाळी 'चिनी' म्हणजे राजाच्या दस्तरखानावरची वस्तू, आज रस्त्यावरचा विक्रेता स्वतःच सांगतो, चायना माल आहे, गॅरंटी नाही.

आणि त्या शिक्षकाला खोट्या गोष्टीची गरजही नाही. जिंगदेझेनजवळ एक टेकडी आहे, तिचे नाव गावलिंग, म्हणजे उंच कडा. तिथली पांढरी माती भट्टीच्या आगीतही आकार सोडत नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे राहणाऱ्या दांत्रकोल नावाच्या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने 1712 आणि 1722 च्या आपल्या पत्रांत या मातीचे आणि भांडी घडवण्याच्या पद्धतीचे बारकाईने वर्णन केले. ती पत्रे छापली गेली आणि युरोपच्या कारखानदारांनी ती वाचली. त्या टेकडीचे नाव इंग्रजीत 'केओलिन' झाले. आज ते कागदाच्या गिरणीत आहे, रंगाच्या डब्यावर आहे, औषधाच्या दुकानात आहे आणि चेहऱ्याला लावायच्या लेपाच्या पुडीमागे बारीक अक्षरांत छापलेलेही सापडते.