पोटावर पिशवी घेऊन वाढणारी मुले : लहानपणापासूनचा स्टोमा आणि पुढची काळजी

पोटाला छेद देऊन आतड्याचे किंवा लघवीच्या मार्गाचे तोंड बाहेर काढतात, त्याला स्टोमा म्हणतात. मोठ्या आतड्याचे असेल तर कोलोस्टोमी, लहान आतड्याचे असेल तर इलिओस्टोमी, लघवीसाठी असेल तर युरोस्टोमी. आपल्या घरांत मात्र हे शब्द कोणी वापरत नाही. "पोटाला पिशवी लावली आहे" असे म्हणतात, तेही आवाज खाली करून.

कॅन्सरच्या ऑपरेशननंतर मोठ्या माणसांना अशी पिशवी लागते हे पुष्कळांना माहीत असते. पण जन्मल्यावर काही दिवसांतच ज्यांना ती लागली आणि जी आज नववी-दहावीत किंवा कॉलेजात आहेत, त्या मुलांचे काय? मी शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. तो रोज दोन-तीनदा बाहेर जायची परवानगी मागायचा आणि मी त्याला कामचुकार समजत होते. त्याची अम्मी एक दिवस शाळेत येऊन रडली तेव्हा मला कळले. त्यानंतर जे वाचले, डॉक्टरांना आणि पालकांना विचारले, ते इथे मांडत आहे.

कारणे बहुतेक जन्मजात असतात. साधारण ५,००० बाळांमागे एकाला शौचाची जागा तयारच झालेली नसते. जवळपास तेवढ्याच बाळांना हिर्शस्प्रंग नावाचा आजार असतो, म्हणजे आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशी नसतात आणि मल पुढे सरकत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आतड्याला गंभीर सूज येऊन ते निकामी होणे, मूत्राशय पोटाबाहेर उघडे असणे, मणक्याचा दोष ही आणखी कारणे. यात आईचे काही चुकलेले नसते. ग्रहणात बाहेर पडली, अमुक खाल्ले, नजर लागली, हे सगळे बोलणे बंद करा. बहुतेक बाळांचा स्टोमा तात्पुरता असतो, काही महिन्यांनी किंवा वर्षा-दोन वर्षांनी बंद करतात. थोड्या मुलांचा राहतो.

रोजची निगा आता पूर्वीइतकी अवघड नाही. १९५४ साली एलिसे सोरेन्सन या डॅनिश नर्सने आपल्या बहिणीसाठी चिकटणाऱ्या पिशवीची कल्पना काढली. त्याआधी लोक कापड, डबे, रबरी भांडी बांधून दिवस काढत. आजची पिशवी नीट बसली तर वास येत नाही. वास आला म्हणजे कुठेतरी गळते आहे असे समजावे. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी, पूर्ण भरू दिली तर वजनाने सुटते. चकतीचे भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे कापावे, कारण उघडी राहिलेली कातडी मलाने सोलते. साध्या पाण्याने धुवून कातडी पूर्ण कोरडी करावी. तेल, डेटॉल, स्पिरिट काही लावू नये. निरोगी स्टोमा तोंडाच्या आतल्या भागासारखा लाल आणि ओलसर दिसतो, त्याला हात लावला तर दुखत नाही आणि पुसताना थोडे रक्त आले तर घाबरू नये. तो जांभळा-काळा पडला, किंवा एकाएकी पुष्कळ बाहेर येऊन आत जाईना, तर लगेच दवाखाना.

खरी अडचण वयात येताना सुरू होते. उंची वाढते, पोटाला घडी पडते, वजन बदलते. वर्षानुवर्षे बसणारी चकती अचानक गळायला लागते आणि पोरगा स्वतःलाच दोष देतो. अशा वेळी माप पुन्हा घ्यायचे असते, कधी पिशवीचा प्रकार बदलावा लागतो, क्वचित स्टोमाची जागाही. मुलांच्या पोटावर केस येतात, ते जपून कापावे लागतात, नाहीतर चकती काढताना मुळे दुखावतात.

इलिओस्टोमी असलेल्या मुलांना पाण्याची आणि मिठाची कमतरता लवकर होते, उन्हाळ्यात तर फारच. नुसते पाणी ढोसून भागत नाही, ओआरएस लागते. पोटात कळा, उलट्या आणि पिशवीत चार-सहा तास काहीच न येणे ही आतडे अडल्याची खूण. जुलाबाची औषधे या मुलांना कधीही देऊ नयेत. हळूहळू विरघळणारी गोळी तशीच पिशवीत पडू शकते, म्हणून कुठल्याही नव्या डॉक्टरला स्टोमाचे आधी सांगावे. लहान आतड्याचा शेवटचा भाग काढला असेल तर बी-१२ ची तपासणी आयुष्यभर करावी लागते. लघवीचा मार्ग बदललेल्या मुलांनी काही दुखत नसले तरी ठरलेल्या मुदतीने सोनोग्राफी, क्रिएटिनिन आणि ब्लडप्रेशर बघायचेच, कारण किडनी गुपचूप बिघडते. आतड्याचा तुकडा जोडून मूत्राशय मोठे केले असेल आणि पोटात एकदम जोरात दुखू लागले, तर थांबून बघायचे नाही.

मुलींबद्दल घरात कोणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. शौचाची जागा नसलेल्या काही मुलींच्या गर्भाशयात किंवा योनीमार्गातही जन्मतः दोष असतो. पाळी येण्याच्या वयात एकदा सोनोग्राफी करून घ्यावी. दर महिन्याला पोटात भयंकर दुखते आणि पाळी मात्र येत नाही, असे असेल तर "येईल हळूहळू" म्हणत बसू नये. स्टोमा असताना गर्भ राहू शकतो, बाळंतपणही होते, फक्त डॉक्टरांची देखरेख लवकर सुरू झाली पाहिजे.

नमाजबद्दल प्रत्येक पालक विचारतो. स्टोमामुळे नमाज माफ होत नाही आणि सजद्याने स्टोमाला इजाही होत नाही. नमाजआधी पिशवी रिकामी करावी. हनफी फिकहात, एका नमाजच्या पूर्ण वेळेत वजू करून फर्ज अदा करण्याइतकीही उसंत मिळत नसेल तर माणूस माजूर ठरतो. मग त्याने दर वेळेचा नवा वजू करावा आणि ती वेळ संपेपर्यंत हवी तितकी नमाज पढावी. कोकणातल्या शाफई घरांत वेळ सुरू झाल्यावर वजू आणि एका वजूवर एकच फर्ज, असा नियम आहे. कोलोस्टोमी ठरावीक वेळीच चालत असेल तर तो मुलगा माजूर ठरेलच असे नाही. म्हणून मुफ्तीसाहेबांना विचारताना स्टोमा कुठला, किती वेळाने चालतो, हे नीट सांगा.

रोजाचा प्रश्न आधी डॉक्टरला विचारायचा. घट्ट मल येणारी कोलोस्टोमी असलेले पुष्कळ जण रोजे ठेवू शकतात. इलिओस्टोमीवाल्यांना मात्र एप्रिल-मेच्या उन्हात चौदा तास पाणी न पिणे किडनीवर बेतू शकते. सूरह बकराच्या १८४ आणि १८५ व्या आयतीत आजाऱ्याला सवलत आहे. "बाकीची पोरं ठेवतात, तुला काय झालं?" हे वाक्य नातेवाइकांनी गिळावे.

शाळेत एका तरी शिक्षकाला माहीत असावे, सगळ्या वर्गाला सांगायची गरज नाही. दाराजवळची जागा, विचारल्याशिवाय बाहेर जायची मुभा, कडी लागणारे आणि पाणी असलेले संडास, दप्तरात एक जादा पिशवी आणि कपड्यांचा जोड, एवढ्यावर दिवस निघतो. धावणे, क्रिकेट, पोहणे चालते. कबड्डी-कुस्तीत पोटाला मार बसतो, तिथे आधी सर्जनला विचारावे.

लग्नाचे वय आले की लपवाछपवी सुरू होते. माझे मत स्पष्ट आहे, रिश्ता पक्का व्हायच्या आधी सांगावे. मूळ आजार पुढच्या पिढीत येण्याची शक्यता काही आजारांत असते, हिर्शस्प्रंगमध्ये विशेषतः, तेव्हा तेही डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

मी पाहिलेल्या घरांत सोळा-सतरा वर्षांच्या मुलाची पिशवी अजून अम्मीच बदलते. प्रेम आहे, पण अम्मी आजारी पडली तर? सहा-सात वर्षांपासून मुलाला पिशवी रिकामी करायला शिकवावे, दहा-बारापर्यंत बदलायला. तसेच दवाखान्याचे. मुलांचे सर्जन कुठे बाराव्या, कुठे अठराव्या वर्षापर्यंत बघतात, मग "आता मोठ्यांच्या विभागात जा" म्हणतात. पुष्कळ मुले नेमकी इथेच गळतात आणि पाच-सहा वर्षे कुणालाच दाखवत नाहीत. वर्ष-दोन वर्षे आधीच विचारून ठेवा की पुढे कोणाकडे जायचे, आणि जमल्यास एक भेट दोन्ही डॉक्टरांच्या ओळखीने होऊ द्या.

त्यासाठी फाइल लागते. ऑपरेशन कोणत्या साली झाले, आतड्याचा कुठला भाग काढला, किती उरला, कशाची ॲलर्जी आहे (मणक्याच्या दोषाच्या मुलांना रबराच्या हातमोज्यांची असू शकते), हे सगळे एका जागी. जुने डिस्चार्ज कार्ड पावसात भिजते, घर बदलताना हरवते, म्हणून त्याचा फोटो अम्मी-अब्बू दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा आणि मुलाच्याही. त्याच फाइलमध्ये रेल्वेच्या सवलतीचा डॉक्टरी दाखला ठेवा. स्टोमा असलेल्या रुग्णाला आणि त्याच्या एका सोबत्याला मासिक-त्रैमासिक पासात सवलत आहे. मुंबईत लोकलने कॉलेजला जाणाऱ्या मुलांच्या घरांनाही हे बहुधा माहीत नसते.