चाचणी संपल्यावर

मेंदू-संगणक जोडणीची गोष्ट बहुधा पहिल्या दिवसापासून सांगितली जाते. २००४ साली अमेरिकेत ‘ब्रेनगेट’ चाचणीत मानेखाली लुळ्या पडलेल्या एका तरुणाच्या मेंदूत ९६ इलेक्ट्रोड बसवले गेले आणि नुसत्या मनाच्या हुकमाने तो पडद्यावरचा कर्सर हलवू लागला. ही थोर घटना आहे. मात्र संशोधनाच्या नीतीचा अभ्यास शेवटच्या दिवसापासून सुरू करावा, असे माझे ठाम मत आहे.

त्यासाठी मेलबर्नला जाऊ. तिथे २०१०च्या सुमारास १५ अपस्मारग्रस्तांच्या मेंदूवर इलेक्ट्रोड बसवले. झटका येण्याची शक्यता किती, हे जवळच्या उपकरणावरचे दिवे आधी सांगत. सहभागींपैकी एका स्त्रीचे आयुष्य त्याने पालटले. इशारा मिळाला की ती औषध घेई. पुढे कंपनीचे पैसे संपले. घर गहाण टाकून यंत्र विकत घ्यायचीही तिची तयारी होती, तरी ते काढावेच लागले. फ्रेडरिक गिल्बर्ट या नीतिअभ्यासकाशी बोलताना तिने सांगितले की, ते यंत्र तिचाच एक भाग झाले होते. मग काढले ते काय? निव्वळ उपकरण? संमतिपत्रात ‘चाचणीअंती यंत्र काढले जाईल’ असे लिहिलेले असते खरे. पण सही करणाऱ्या माणसाला यंत्रासह जगणे कसे असते, हे सही करताना ठाऊक नसते; संमती वेळोवेळी नव्याने घ्यावी लागते ती म्हणूनच.

चाचणीनंतरची सोय आधीच ठरवा, असे हेलसिंकी घोषणापत्र सांगते. ती ठरली आहे की नाही, हे पाहणे नीतिसमितीचे काम. भारतात या समितीवर डॉक्टरांखेरीज कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य नागरिकही असतो. हे पुस्तक मी त्या नागरिकासाठी लिहिले आहे. बॅटरी संपल्यावर ती कोण बदलणार? कंपनी बुडाली तर शस्त्रक्रियेचा खर्च कोणाचा? रुग्ण यंत्राच्याच मदतीने बोलत असेल, तर ‘मला थांबायचे आहे’ हे त्याचेच म्हणणे आहे याची खात्री कशी करायची? हे विचारायला मज्जाशास्त्राची पदवी लागत नाही. तांत्रिक भाग तिसऱ्या प्रकरणात आहे. तो नंतर वाचला तरी चालेल.