सातवाहनांची रौप्य नाणी

सातवाहन राजांची बहुतेक नाणी शिसे, तांबे व पोटीन यांची. चांदीची थोडी, पण राजाविषयी सर्वांत बोलकी. 1906 मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे सापडलेल्या सुमारे 13,250 रौप्य नाण्यांच्या साठ्यात क्षहरात क्षत्रप नहपानाची नाणी होती. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. एका बाजूला तीन कमानींचे चैत्य अथवा पर्वत, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. नाणे तिरपे धरले की चैत्याच्या कमानीखालून नहपानाचे नाक किंवा ग्रीक अक्षरांचा तुकडा डोकावतो. चांदी वितळवून नवे नाणे पाडणे शक्य होते. तसे न करता जुन्यावरच छाप मारल्याने नहपानावरील विजयाची वार्ता हातोहात बाजारात पोहोचली असणार. त्याने येथे स्वतःचा चेहरा मात्र कोरलेला नाही. चिन्हे आणि आईचे नाव मिरवणारा ‘गोतमिपुत’ हा लेख त्याने पुरेसा मानला.

पुढे वासिष्ठीपुत्र पुळुमावी, यज्ञश्री सातकर्णी आदींनी क्षत्रपांच्या धर्तीवर मुखवट्याची नाणी पाडली. यज्ञश्रीचे असे एक नाणे पंडित भगवानलाल इंद्रजी यांना 1882 मध्ये सोपाऱ्याच्या स्तूपात मिळाले. या नाण्यांच्या दर्शनी बाजूस प्राकृत, तर मागे द्राविडी वळणाची भाषा आढळते. दोन भाषांच्या प्रजेवर राज्य करणाऱ्या राजाची ही जाणीव फार मोलाची आहे.