फाइली लावता लावता कॉमिक छापणारा हार्वी पीकार



'नोकरी सोडून पूर्ण वेळ कंटेंट करू का?' हा प्रश्न तुमच्यातले बरेच जण मेसेज करून विचारता. मी काही करिअर गुरू नाही, त्यामुळे हो किंवा नाही असं सरळ उत्तर माझ्याकडे नाही. पण इतिहासात एक माणूस आहे, ज्याच्याकडे बघून या प्रश्नावर जरा वेगळा विचार करता येतो. आजचा भाग त्याच्यावर. नाव, हार्वी पीकार. गाव, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं क्लीव्हलंड.

हार्वीचा जन्म 8 ऑक्टोबर 1939चा. आईवडील पोलंडमधून आलेले ज्यू. वडील धर्मग्रंथांचे अभ्यासक, पण पोट भरायला किराणा दुकान चालवायचे. हार्वी कॉलेजला गेला आणि अर्धवट सोडून आला. नौदलातही टिकला नाही. शेवटी 1965मध्ये त्याला माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये फाइल क्लार्कची नोकरी लागली. पेशंटच्या फाइली काढायच्या, नेऊन द्यायच्या, परत जागेवर लावायच्या. बस्स.

या माणसाला एकच वेड होतं, जाझ. पगार झाला की जुन्या रेकॉर्ड्स घ्यायच्या. विशीपासूनच तो संगीताच्या मासिकांत जाझवर समीक्षाही लिहायचा. आणि या रेकॉर्ड्सनीच त्याची एका मुलाशी गाठ घालून दिली. 1962च्या सुमारास रॉबर्ट क्रम्ब नावाचा एक तरुण शुभेच्छापत्रं काढणाऱ्या कंपनीत काम करायला क्लीव्हलंडला आला होता. त्यालाही जुन्या रेकॉर्ड्सचा नाद. दोघांचं जमलं. पुढे हाच क्रम्ब अमेरिकेतल्या अंडरग्राउंड कॉमिक्सचा सगळ्यात मोठा चित्रकार झाला.

क्रम्बची कॉमिक्स बघून हार्वीच्या डोक्यात एक विचार घुसला. कॉमिक म्हणजे चित्रं आणि शब्द. या दोन गोष्टी वापरून जर काहीही सांगता येतं, तर लोक फक्त सुपरहिरो आणि बोलणारे प्राणीच का सांगत बसलेत? कादंबरीत, सिनेमात साधी माणसं असतात. मग कॉमिकमध्ये का नसावीत?

आता अडचण बघा. हार्वीला चित्र काढताच येत नव्हतं! तो कागदावर चौकोन आखायचा, त्यात काड्यांची माणसं काढायची आणि डोक्यावर संवाद लिहायचे. 1972मध्ये त्याने हे कागद क्रम्बला दाखवले. क्रम्बला ते आवडले आणि तो म्हणाला, मी काढतो. एक मोठा चित्रकार हो म्हणाला म्हटल्यावर बाकीचेही तयार झाले.

पण छापणार कोण? हार्वीने ठरवलं, आपणच. 1976मध्ये 'अमेरिकन स्प्लेंडर'चा पहिला अंक आला. चित्रकारांचे पैसे, छपाईचा खर्च, सगळी पदरमोड. रेकॉर्ड्सवर जाणारा पैसा आता कॉमिकवर जायला लागला. सुरुवातीची कित्येक वर्षं हा चक्क घाट्याचा धंदा होता. तरी 1990पर्यंत साधारण वर्षाला एक, या हिशेबाने तो स्वतःच अंक काढत राहिला.

आणि या अंकांत असायचं काय? एका गोष्टीत हार्वी सुपरमार्केटच्या रांगेत उभा आहे. पुढे एक म्हातारी ज्यू बाई आहे, आणि ती पैशांवरून हुज्जत घालणार हे त्याला पक्कं माहीत आहे. रांग बदलावी की थांबावं? झाली गोष्ट! दुसऱ्या एका गोष्टीत त्याला फोनच्या डिरेक्टरीत आणखी हार्वी पीकार सापडतात. इतकं विचित्र नाव, मग हे दुसरे कोण? हे सगळं एक माणूस समोर उभा राहून आपल्याला सांगतोय, पानभर तेच ते चित्र. वाचताना आधी हसू येतं, मग हळूहळू पोटात कालवाकालव होते. मी कोण, हा प्रश्न त्याने डिरेक्टरीतून काढून दाखवला.

हे त्याला जमलं ते नोकरीमुळे. हॉस्पिटलचे कॉरिडॉर, सोबतचे कारकून, डॉक्टर, त्यांचं बोलणं, हाच त्याचा कच्चा माल. बढती मिळत होती तेव्हाही त्याने ती नाकारली. पोट पगारावर चालत असल्यामुळे कॉमिक विकलं जावं म्हणून त्यात मारामारी घालायची त्याला कधी गरजच पडली नाही.

कॉमिकमुळे त्याला बायकोही मिळाली. डेलावेअरमध्ये कॉमिक्सचं दुकान चालवणाऱ्या जॉइस ब्रॅबनरला एक अंक मिळत नव्हता. तिने थेट हार्वीलाच पत्र लिहिलं. पत्रांवर पत्रं झाली आणि लग्नही झालं.

1986मध्ये मोठ्या प्रकाशकाने त्याच्या गोष्टींचा संग्रह काढला आणि पुढच्या वर्षी त्याला अमेरिकन बुक अवॉर्ड मिळालं. डेव्हिड लेटरमनच्या टीव्ही शोमध्ये बोलावणी यायला लागली. पण तिथे हार्वी म्हणजे एक गंमत होती, क्लीव्हलंडचा चिडका कारकून. 1988मध्ये त्याने शोमध्येच जनरल इलेक्ट्रिक कंपनीवर टीका सुरू केली. एनबीसी हे चॅनेल याच कंपनीच्या मालकीचं होतं! लेटरमन भडकला आणि काही वर्षं हार्वीची बोलावणी बंद झाली. फुकटची प्रसिद्धी होती, दुसरा कोणी गप्प बसून हसला असता.

1990मध्ये त्याला लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर झाला. उपचारांच्या त्या काळावर त्याने आणि जॉइसने मिळून 'अवर कॅन्सर इयर' लिहिलं. चित्रं फ्रँक स्टॅकची, साल 1994. त्यात शौर्य वगैरे काही नाही. भीती आहे, वेदना आहेत, चिडचिड आहे, आणि हे सगळं सांभाळणारी, दमलेली बायको आहे.

2001मध्ये तो त्याच हॉस्पिटलमधून रिटायर झाला, फाइल क्लार्क म्हणूनच. दोन वर्षांनी त्याच्यावर सिनेमा आला. पॉल जियामाटीने हार्वीचं काम केलं आणि खरा हार्वीही त्यात दिसतो. सनडान्स महोत्सवात त्या सिनेमाला मुख्य पुरस्कार मिळाला. 12 जुलै 2010ला हार्वी गेला. तो जिथे राहायचा त्या क्लीव्हलंड हाइट्सच्या लायब्ररीत आता त्याचा पुतळा आहे. कॉमिकच्या चौकटीतून पाऊल बाहेर टाकणारा हार्वी, आणि सोबत एक टेबल, येणाऱ्या-जाणाऱ्याने तिथे बसून स्वतःचं कॉमिक काढावं म्हणून.

आज आपल्या रोजच्या आयुष्यावर कॉमिक काढणारे जगभर आहेत. 1976मध्ये तसं करणं म्हणजे पैसे गटारात ओतणं वाटायचं. तेव्हा नोकरी सोडायची की नाही, ते तुम्ही घरच्यांशी बोलून ठरवा. मला एवढंच दिसतं की हार्वी थांबला नाही, कारण त्याचं कॉमिक कधी त्याच्या जेवणाच्या ताटाशी बांधलेलं नव्हतं. आणि सांगण्यासारखं काही घडावं म्हणून तो वाट बघत बसला नाही. रांगेत उभा होता, तेच लिहिलं.

तुमच्या ऑफिसात, हॉस्टेलवर, लोकलमध्ये आज काय घडलं? एखादी छोटी गोष्ट असेल तर मला लिहून किंवा बोलून पाठवा. भेटू पुढच्या भागात!