मर्यादवेल, नाळी की बेशरम? सारख्या फुलांच्या वेली कशा ओळखाव्यात

पावसाळा ओसरू लागला की अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत पुळणीवर, कुंपणांवर आणि ओहोळांच्या काठी कर्ण्याच्या आकाराची जांभळी-गुलाबी फुले दिसू लागतात. यातल्या बहुतेक वनस्पती आयपोमिया वंशातल्या, म्हणजे रताळ्याच्या भाऊबंद आहेत. फुले इतकी सारखी की नुसत्या फुलावरून ओळखताना फसगत होते. यातली एक आवडीची रानभाजी आहे, तर दुसरी गुराढोरांना विषारी. म्हणून आधी जागा, मग पान आणि खोड, आणि शेवटी फूल पाहावे.

मर्यादवेल (आयपोमिया पेस-काप्रे)
भरतीच्या रेषेच्या वर, वाळूवर पसरणारी वेल. पान जाडसर असून टोकाशी दुभंगलेले, शेळीच्या खुरासारखे दिसते. लिनियसने 1753 मध्ये दिलेल्या ‘पेस-काप्रे’ या लॅटिन नावाचा अर्थही तोच. पेरापेरांवर मुळे फुटत असल्याने ती वाळू धरून ठेवते. तिच्या बिया समुद्राच्या पाण्यावर तरंगत दूरवर जातात. किनारा साफ करताना ती कचरा समजून उपटू नये.

नाळी (आयपोमिया अक्वाटिका)
तळी आणि ओहोळांत पाण्यावर किंवा चिखलात पसरते. पान बाणाच्या टोकासारखे निमुळते. फूल पांढरे ते फिकट जांभळे, आतून गडद. पानाच्या बेचक्यात एकटे किंवा दोन-चार. कोवळ्या शेंड्यांची भाजी करतात. सांडपाण्यातली नाळी मात्र घेऊ नये, कारण ती पाण्यातले जड धातू शोषते.

बेशरम (आयपोमिया कार्निया)
मूळचे अमेरिकेतले, माणसाच्या उंचीपर्यंत किंवा त्याहून उंच वाढणारे झुडूप. पान मोठे, हृदयाकृती, लांब टोकाचे. फिकट गुलाबी मोठी फुले फांदीच्या शेंड्याकडे घोसाने येतात. यातल्या स्वेन्सोनीनसारख्या द्रव्यांमुळे, शेळ्या-मेंढ्यांनी ते सतत खाल्ल्यास तोल जातो, अंग थरथरते आणि जनावर खंगते.

काळा दाणा (आयपोमिया निल)
कुंपणावर चढणारी केसाळ वेल. पान बहुधा तीन भागांचे. फूल सकाळी निळे असते, ऊन चढेल तसे जांभळट होते. बिया तीव्र रेचक असल्याने मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

गणेशवेल (आयपोमिया क्वामोक्लिट)
पिसासारखी चिरलेली पाने आणि चांदणीच्या आकाराची लाल फुले यांमुळे ही सहज ओळखू येते.

नेमकी चूक कुठे होते?
‘दांडा पोकळ असेल तर नाळी’ अशी खूण अनेकदा सांगितली जाते. पण बेशरमाचा दांडाही पोकळ असतो, आणि तोही पाण्याकाठीच वाढतो. त्यामुळे पाण्यावर लोळणारी, पेरांना मुळे फुटलेली वेल आणि बाणासारखे पान या खुणा एकत्र जुळल्याशिवाय भाजी खुडू नये. शंका राहिली तर जाणकाराला दाखवावी, नाहीतर सोडून द्यावी.