भाग: आमिष – मिशीवाल्या माशाला काय दाखवायचं?

आजचा भाग एका अशा शब्दापासून सुरू करतो जो तुम्ही आज सकाळच्या पेपरातही वाचला असेल. ‘जादा परताव्याचे आमिष दाखवून फसवणूक’, ‘नोकरीचे आमिष’, ‘लग्नाचे आमिष’. बातमी बदलते, शब्द तोच. आता ‘निरामिष’ म्हणजे काय, विचारा कुणालाही. मांस नसलेलं जेवण. म्हणजे ‘आमिष’चा जुना, सरळ अर्थ मांस. मग मांसाचा अर्थ लालूच कसा झाला? मधला दुवा आहे गळाच्या टोकावर. गळाला मांसाचा तुकडा लावला, मासा त्याला भुलला, आणि तिथून शब्द नदीकाठ सोडून थेट पोलीस ठाण्यापर्यंत आला.

तर आज त्या तुकड्याचा इतिहास. त्यातही काठावर बसून कॅटफिश धरणाऱ्यांच्या आमिषाचा. मराठीत या माशांना एकच असं नाव नाही. मागूर आहे, शिंगी आहे, शिंगाळा आहे, नदीतला मोठा शिवडा आहे. सगळ्यांत समान गोष्ट म्हणजे तोंडाभोवतीच्या मिशा आणि खवल्यांशिवायचं गुळगुळीत अंग. आजच्यापुरतं आपण त्यांना मिशीवाले मासे म्हणू.

एक अडचण आधीच सांगतो. गळाचा इतिहास लिहिणं सोपं आहे, आमिषाचा अवघड. मोहेंजोदडो आणि हडप्पाला तांब्याचे गळ सापडले आहेत. मासा निसटू नये म्हणून टोकाला उलटा दात काढलेले गळही त्यांत आहेत. हडप्पाच्या उत्खननात नदीतल्या मोठ्या मिशीवाल्या माशांची हाडं मिळाली. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर लांब, तरी समुद्रातल्या मिशीवाल्या माशांचीही हाडं मिळाली. तांबं उरलं, हाडं उरली. गळाला काय लावलं होतं ते मात्र माशाच्या नाहीतर मुंग्यांच्या पोटात गेलं. म्हणून आमिष शोधायचं तर जमीन खणून भागत नाही, ग्रंथ उघडावे लागतात.

ग्रंथांत ते भरपूर सापडतं. पाली संयुत्तनिकायात गळावर एक छोटं सुत्त आहे. कोळी आमिष लावलेला गळ खोल डोहात टाकतो आणि ज्याची नजर आमिषावर आहे असा मासा तो गिळतो. तिथे त्या माशाला ‘आमिसचक्खु’ म्हटलंय, म्हणजे ज्याचा डोळा आमिषावर आहे असा. महाभारतात विदुर धृतराष्ट्राला हाच दाखला देतो: उत्तम खाद्याने झाकलेला लोखंडी गळ मासा गिळतो, पुढचा परिणाम बघत नाही. दोन्हीकडे उपदेश आहे, पण त्या उपदेशात कारागिरीची माहितीही दडली आहे. गळ *झाकलेला* आहे. म्हणजे त्या काळचा नियम असा दिसतो की लोखंड दिसता कामा नये, वरून फक्त खाणं दिसलं पाहिजे.

मला हे दोन दाखले फार आवडतात. पण मिशीवाल्या माशांच्या बाबतीत ते थोडे चुकतात. हा मासा डोळ्याने फसतच नाही. तो बराचसा रात्री फिरतो, गढूळ पाण्यात, तळाशी. त्याचा डोळा म्हणजे त्याच्या मिशा आणि त्याची कातडी.

ही नुसती म्हणायची गोष्ट नाही. १९६७ साली बारडाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी बुलहेड जातीच्या माशांवरचे प्रयोग ‘सायन्स’ या नियतकालिकात छापले. त्या माशांची वास घेण्याची क्षमता बंद केली, तरी ते पाण्यात सोडलेल्या रसायनाच्या उगमापर्यंत बरोबर पोचले, कारण ते चवीवरून दिशा ओळखत होते. आपल्या रुचिकलिका जिभेवर आणि फार तर घशात. या माशांच्या मिश्यांवर, ओठांवर, पोटावर, पार शेपटीपर्यंत असतात, आणि मोठ्या माशाच्या अंगावर त्यांची संख्या एक लाखाच्या वर जाते. म्हणजे अख्खा मासा ही एक पोहणारी जीभ समजा. पुढे १९७५ साली जॉन कॅप्रिओ यांनी दाखवलं की ही जीभ अमिनो आम्लांना कमालीची संवेदनशील असते. अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनं ज्यांपासून बनतात ते घटक. रक्त, काळीज, आतडी, ठेचलेलं गांडूळ, यांतून पाण्यात नेमकं तेच झिरपतं.

आणि इथेच या सगळ्या इतिहासाची मेख आहे. जे आमिष पाण्यात रस सोडतं, ते मऊ असतं, आणि मऊ असतं ते गळावर टिकत नाही. जे टिकतं ते घट्ट असतं, आणि घट्ट असतं ते रस सोडत नाही. कोंबडीचं काळीज गळाला लावून लांब फेकून बघा. गळ एकीकडे पडतो, काळीज दुसरीकडे. पुढे मी जे जे सांगणार आहे, ते सगळं या एका भांडणावरचे तोडगे आहेत.

पहिला तोडगा डॅन्यूब नदीकाठचा, आणि तो माझा सगळ्यात लाडका. रोममध्ये साधारण इ.स. २०० च्या सुमारास क्लॉडियस एलियन नावाचा लेखक होऊन गेला. प्राण्यांवरच्या ग्रीक ग्रंथात त्याने डॅन्यूबच्या काठचे लोक तिथला अवाढव्य मिशीवाला मासा कसा धरतात ते लिहिलंय. कोळी बैलजोडी घेऊन काठावर येतो, नांगरायला नाही, मासा ओढायला. जुवाला मजबूत दोर बांधतो. दोराच्या दुसऱ्या टोकाला भक्कम, धारदार गळ, गळाला बैलाचं फुफ्फुस, आणि जवळच शिशाचं वजन. मासा येतो, आ वासून गिळतो, दोर हलतो, की गडी बैल हाकायला लागतो. मग पाण्यातला आणि काठावरचा असा जोर सुरू होतो.

आता विचार करा, फुफ्फुसच का? एलियन कारण देत नाही, पण खाटकाच्या दुकानात फुफ्फुस हातात घेतलंत तर कळेल. ते स्पंजासारखं असतं. रक्त धरून ठेवतं, हळूहळू सोडतं, आणि चिवट असल्याने गळावरून सहज फाटून निघत नाही. मऊ आणि घट्ट, दोन्ही एकात. खोट एकच, आत हवा असल्यामुळे ते पाण्यावर तरंगतं. मासा तर तळाशी. आता शिशाचा तुकडा का, ते वेगळं सांगायला नको.

तिथून आपण आपल्या भागात येऊ. साल ११२९ च्या आसपास, ठिकाण कल्याणी, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर एक विश्वकोश आहे, ‘मानसोल्लास’. शंभर अध्याय, विषय राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत. मराठी भाषेच्या अभ्यासकांना तो त्यातल्या जुन्या मराठी ओळींमुळे माहीत असतो. पण त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचाही अध्याय आहे, गळाने मासे धरण्याच्या राजाच्या छंदावर. त्यात समुद्रातले आणि नदीतले मिळून पस्तीस प्रकारचे मासे येतात. खवले असलेले वेगळे, नसलेले वेगळे. आणि कोणत्या माशाला काय खाऊ घालावं ते जातवार दिलंय. १९५१ साली प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या अध्यायावर लिहिलं आणि त्यातले मासे आज कोणते, याचा ताळा लावायचा प्रयत्न केला.

या खाऊ घालण्यामागे एक धोरण असतं. मासा आधी एका जागी आणायचा, त्या खाण्याची सवय लावायची, मग तेच गळाला लावायचं. आज पेंडीचे गोळे दोन दिवस आधी पाण्यात टाकून ठेवणारा माणूस तेच करतो.

संस्कृतात ‘पाठीन’ नावाचा मासा येतो. अमरकोशात त्याला ‘सहस्रदंष्ट्र’ असाही शब्द आहे, हजार दातांचा. ज्याने शिवड्याच्या जबड्यात एकदा बोट घातलंय त्याला या नावाची फोड करून सांगावी लागत नाही. हिंदीत त्याला अजूनही ‘पढिन’ म्हणतात, तो पाठीनच. पेंडीच्या गोळ्यावर रोहू येईल, शिवडा क्वचितच. त्याला मांस लागतं, छोटा मासा लागतो, बेडूक लागतो. म्हणजे शब्दाच्या मूळ अर्थाने आमिष.

हाच मासा इंग्रज अमलदारांना भेटला तेव्हा त्यांनी त्याला ‘गोड्या पाण्यातला शार्क’ म्हटलं. मद्रास इलाख्यातला सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ साली मंगळुरात ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक छापलं. त्याच्या पाठीशी इंग्लंडातली जुनी पुस्तकी परंपरा होती. आयझॅक वॉल्टनच्या १६५३ च्या पुस्तकात गांडुळं ओल्या शेवाळात ठेवून ‘साफ’ करायला सांगितलंय. पोटातली माती निघून जाते, कातडी चिवट होते, आणि मग ते गळावर जास्त वेळ टिकतं. तोच तोडगा, वेगळ्या नदीवर.

अमेरिकेत मिसिसिपीच्या काठी तर हा लोकांचाच मासा. मार्क ट्वेनच्या ‘हकलबरी फिन’मध्ये हक आणि जिम मोठ्या गळाला सोललेला ससा लावतात आणि सहा फूट दोन इंचांचा, दोनशे पौंडांवरचा मासा धरतात. पुढे तिकडे काळजाला मीठ लावून, उन्हात थोडं सुकवून घट्ट करायची रीत पडली. कुणी काळीज जुन्या नायलॉन मोज्याच्या तुकड्यात बांधतं, कुणी लवचिक दोऱ्याने गळाशी गुंडाळतं. कुजलेल्या चीजचा लगदा टिकावा म्हणून गळावर स्पंजाचा तुकडा चढवतात. स्पंज! डॅन्यूबवरचं फुफ्फुस आठवलं ना?

आणि आपल्याकडे? भीमेच्या काठी दौंडच्या बाजूला मी एका म्हाताऱ्या काकांना बराच वेळ न्याहाळलं होतं. कोंबडीचं आतडं बोटाने निपटून घेतलं, गळाच्या दांडीवर तीन-चार वेळा ओवलं, आणि पोत्याच्या सुतळीचा एक धागा सोडवून त्याने वरचं टोक आवळून टाकलं. मी विचारलं, “काका, गाठ कशाला?” म्हणाले, “आरं, खाली चिंगळ्या बसल्यात. मोठा येईस्तोवर त्या सगळं उचकून नेत्यात. बांधलं की त्यांना चोखावं लागतंय, आन् चोखलं की वास सुटतोय.” एलियनपासून कॅप्रिओपर्यंत मी आत्ता जे सांगितलं, ते सगळं त्या दोन वाक्यांत होतं. कणकेच्या गोळ्यात कापूस मळणारे आपल्याकडे आहेतच. तोही धाग्याचाच उपाय.

पण काकांची आणखी एक गोष्ट मी तेव्हा पाहिली. गळाचं टोक त्यांनी उघडं ठेवलं होतं. विदुराच्या दाखल्याच्या अगदी उलट. म्हणाले, टोक झाकलं तर मासा ओढतो, पण लागत नाही.

हा बदल दिसतो तेवढा किरकोळ नाही. टोक आमिषात बुडालं की दोन गोष्टी होतात. एक तर ते जबड्यात रुतत नाही. नाहीतर मासा सगळंच पोटात घेतो आणि गळ आत अडकतो, मग तो सोडला तरी बहुतेक वेळा वाचत नाही. आज जगभर जो वर्तुळाकार गळ वापरतात त्याचं टोक आत, दांडीकडे वळलेलं असतं. मासा वळून निघाला की तो घशातून सरकत येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. ही कल्पना पॅसिफिकमधल्या बेटांवरच्या जुन्या गळांत आधीपासून आहे. अट एकच: टोक आणि दांडी यांच्या मधली जागा आमिषाने बुजवायची नाही. आमिष दांडीवर बांधायचं, टोक मोकळं. मिशीवाला मासा लोखंड बघतच नसल्याने लपवायचं काही कारणही नाही.

हे आज का महत्त्वाचं? जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत शिवडा आता असुरक्षित जातींत आहे, आणि आपला देशी मागूर धोक्यात असलेल्यांत. मूळचा आफ्रिकेतला तथाकथित थाई मागूर २००० साली भारतात बंदी घालूनही कत्तलखान्याच्या कचऱ्यावर चोरून वाढवला गेला. तो नद्यांत सुटला की देशी माशांच्या वाट्याचं खातो, आणि देशी मासेही खातो. थॉमसने त्याच्या काळातच विष आणि बारीक जाळ्यांनी होणाऱ्या पिलांच्या नाशाबद्दल लिहिलं होतं. १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्याने विष आणि सुरुंगाला बंदी घातली, तरी सुरुंग आजही ऐकू येतात. सुरुंग मासा निवडत नाही, विष निवडत नाही. नीट बांधलेलं आमिष आणि उघडं टोक असलेला गळ निवडतो, आणि मुख्य म्हणजे चुकीचा मासा, अंड्यांवर आलेली मादी, हातभर न झालेलं पिल्लू, परत सोडायची संधी देतो. त्यामुळे पावसाळ्यात गळ घेऊन काठावर बसणार असाल, तर दोऱ्याचं एक रीळ जवळ ठेवा, आणि टोक मोकळं आहे ना ते टाकण्याआधी एकदा बघा.

तुमच्या नदीवर या माशांना काय म्हणतात आणि गळाला काय लावतात, ते मला नक्की कळवा. गावागणिक नावं बदलतात, आणि ती कुठल्याच एका पुस्तकात नाहीत. पुढच्या भागात मानसोल्लासातच थांबू, पण नदीवरून उठून राजाच्या मुदपाकखान्यात जाऊ. भेटूच.