प्रसूतीनंतरचे गर्भाशय आणि सोनोग्राफी : एका दुर्लक्षित इतिहासाचा मागोवा

प्रस्तावना

सोनोग्राफीचा इतिहास बहुधा गर्भाचा इतिहास म्हणूनच लिहिला गेला आहे. ग्लासगो येथील पहिले यंत्र, गर्भाच्या डोक्याचे मापन, हृदयाच्या ठोक्यांचे दर्शन आणि भारतापुरते बोलायचे तर लिंगनिदानाचा प्रश्न, या टप्प्यांनी तो सांगितला जातो. मूल जन्माला आले की कथन संपते. ज्या गर्भाशयातून ते मूल बाहेर आले त्याचे पुढे काय झाले, हा विषय या इतिहासाच्या परिशिष्टात ढकलला गेला आहे. वास्तविक मातामृत्यूंचा मोठा वाटा प्रसूतीनंतरच्या तासांचा आणि दिवसांचा आहे. वार अथवा तिचा तुकडा आत राहणे, रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग ही त्यामागील जुनी कारणे आहेत. प्रस्तुत लेखात प्रसूतीनंतरच्या गर्भाशयाकडे सोनोग्राफीची दृष्टी केव्हा वळली, तिने काय दाखवले आणि जे दाखवले त्याचा अर्थ लावताना कोणत्या चुका झाल्या, याचा मागोवा घेतला आहे.

हाताचे ज्ञान

यंत्रापूर्वी प्रसूतीनंतरचे गर्भाशय हाताने ओळखले जात होते. वार पडल्यानंतर गर्भाशयाचा माथा नाभीच्या आसपास लागतो. तो चेंडूसारखा घट्ट असेल तर रक्तवाहिन्या आवळल्या गेल्या आहेत आणि मऊ लागत असेल तर रक्तस्राव संभवतो, हे सुईणीलाही ठाऊक होते आणि प्रसूतितज्ज्ञालाही. पुढे रोज साधारण एका बोटाने तो खाली सरकतो व सुमारे दोन आठवड्यांत ओटीपोटात दिसेनासा होतो. प्रसूतीच्या वेळी सुमारे एक किलो वजनाचे गर्भाशय सहा आठवड्यांत शंभर ग्रॅमच्या खाली येते. शरीरातील दुसरा कोणताही अवयव इतक्या वेगाने आकसत नाही.

आत काही राहिले तर ते गोठून पीडा देते, ही कल्पनाही जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ‘मक्कल्ल’ या बाळंतिणीच्या विकाराचे वर्णन येते. वायूने अडवलेले रक्त नाभीच्या खाली, कुशीत किंवा बस्तीच्या ठिकाणी गाठ करते, असे तेथे म्हटले आहे. त्यावरून आधुनिक निदान प्राचीनांना ज्ञात होते असा दावा करणे अनैतिहासिक ठरेल. मात्र अडकलेल्या रक्ताची चिंता किती जुनी आहे, हे त्यातून कळते. महाराष्ट्रातील बाळंतिणीचे पोट बांधणे, शेक देणे, सव्वा महिना जपणे यांकडेही पोटात काय उरले आहे हे न दिसणाऱ्या समाजाची दक्षता म्हणून पाहता येते.

हाताच्या या ज्ञानाची दुसरी बाजूही होती. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात वैद्यकीय विद्यार्थी ज्या विभागात प्रसूती करीत तेथे १८४६ मध्ये मृत्युप्रमाण ११ टक्क्यांहून अधिक, तर सुईणींच्या विभागात ३ टक्क्यांहून कमी होते. शवविच्छेदन करून आलेला हातच सूतिकाज्वराचे विष नेतो, हे इग्नाझ झेमेलवाइस याने ओळखले आणि मे १८४७ मध्ये क्लोरीनच्या द्रावणात हात धुण्याची सक्ती केली. पुढच्या वर्षी दोन्ही विभागांचे प्रमाण सव्वा टक्क्याच्या जवळपास आले. जो हात गर्भाशय जाणतो तोच त्याला मारतोही, असा हा विलक्षण शोध होता. १९३० च्या दशकात अर्गोमेट्रिन आणि सल्फा औषधे आली, रक्तस्राव व ज्वर दोन्ही आटोक्यात येऊ लागले. तरीही आत काय आहे हे पाहण्याचा मार्ग हात घालणे किंवा क्युरेटिंग करणे हाच राहिला.

ग्लासगोचे यंत्र

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात काम केलेले इयान डोनाल्ड १९५४ मध्ये ग्लासगो विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. २१ जुलै १९५५ रोजी शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून ते रेनफ्रू येथील बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात गेले. धातूतील भेगा शोधण्यासाठी तेथे श्राव्यातीत ध्वनीचे यंत्र वापरले जाई. द्रवाने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे येतात, हे त्या दुपारी दिसले. अभियंता टॉम ब्राउन आणि डॉक्टर जॉन मॅकव्हिकार यांच्यासह त्यांनी ‘द लॅन्सेट’च्या ७ जून १९५८ च्या अंकात प्रसिद्ध केलेला निबंध या शास्त्राचा आरंभबिंदू मानला जातो. त्याचा विषय पोटातील गाठी हा होता, गर्भ नव्हे, ही गोष्ट सहसा विसरली जाते. स्त्रीच्या शरीरासाठी सुरू झालेले यंत्र गर्भाकडे वळले ते त्यानंतर.

तेथून पुन्हा आईकडे वळण्यास चौदा वर्षे लागली. १९७२ मध्ये ह्यू रॉबिन्सन यांनी ‘स्कॉटिश मेडिकल जर्नल’मध्ये सूतिकाकाळातील सोनोग्राफीवर निबंध लिहिला, गर्भाशयात राहिलेले वारेचे अवशेष ओळखणे हा त्याचा हेतू होता. १९७३ मध्ये माल्व्हर्न, कॅम्पबेल आणि मे यांनी प्रसूतीनंतर उशिरा होणाऱ्या रक्तस्रावात गर्भाशयाचे परीक्षण करून निष्कर्ष मांडले. चोवीस तासांनंतर सहा आठवड्यांपर्यंत होणाऱ्या अशा रक्तस्रावावर तोपर्यंत क्युरेटिंग हा जवळजवळ ठरलेला उपाय होता. पोकळी रिकामी दिसली तर शस्त्रक्रिया टाळता येईल, ही नवी शक्यता या निबंधांनी पुढे आणली.

ती शक्यता किती मोलाची होती हे समजण्यासाठी क्युरेटिंगचा इतिहास पाहावा लागतो. बाळंतिणीचे गर्भाशय मऊ असते. हत्यार त्यातून आरपार जाऊ शकते. शिवाय आतील अस्तर खोलवर खरवडले गेले तर भिंती एकमेकींना चिकटतात, पाळी थांबते, पुढे गर्भ राहणे कठीण होते. जोसेफ ॲशरमन यांनी १९४८ मध्ये या स्थितीचे सविस्तर वर्णन केले. अनावश्यक क्युरेटिंगची किंमत अशी एखाद्या स्त्रीला उरलेल्या आयुष्यभर मोजावी लागे. आणि ज्या समाजात वांझपणाचा दोष बाईवरच येतो तेथे ती केवळ वैद्यकीय किंमत राहत नाही.

दिसणे आणि समजणे

येथून या इतिहासाला अनपेक्षित वळण मिळते. यंत्र सुधारले, चित्र स्पष्ट झाले, योनीमार्गे तपासणी सुरू झाली आणि गर्भाशयात नको तितके दिसू लागले. पोकळीत काही तेजस्वी दिसले की वार राहिली, हवेचे बुडबुडे दिसले की जंतुसंसर्ग झाला, असे अर्थ लावले जाऊ लागले. निरोगी बाळंतिणीचे गर्भाशय कसे दिसते हे आधी तपासायला हवे होते. ते पुरेशा प्रमाणात झालेले नव्हते. रोगाचे चित्र आधी आणि आरोग्याचे चित्र नंतर, हा क्रम आधुनिक निदानशास्त्राच्या इतिहासात पुन्हा पुन्हा आढळतो.

१९९२ मध्ये वॉक्सबर्ग आणि कुर्ट्झ यांनी नैसर्गिक प्रसूतीनंतर पोकळीत हवा दिसणे ही सामान्य बाब असू शकते, असे दाखवले. २००० मध्ये एडवर्ड्स आणि एलवुड यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचा स्राव सर्वसाधारण होता अशा स्त्रियांपैकी ५१ टक्के स्त्रियांच्या गर्भाशयात सातव्या दिवशी तेजस्वी पुंजका दिसला. चौदाव्या दिवशी हे प्रमाण २१ टक्के आणि एकविसाव्या दिवशी ६ टक्के झाले. म्हणजे पहिल्या आठवड्यात असा पुंजका दिसणे हा रोगाचा पुरावा नव्हताच. त्याच सुमारास उप्साला येथेही नैसर्गिक प्रसूतीनंतरच्या पोकळीचा अभ्यास झाला. २००२ मध्ये ल्यूव्हेन येथील संशोधकांनी रंगीत डॉप्लरच्या साहाय्याने रक्तप्रवाहही पाहिला. आत राहिलेल्या वारेला रक्तपुरवठा असेल तर तो डॉप्लरवर दिसतो, रक्ताच्या गाठीला तो नसतो, हे साधे तत्त्व. पण वार जेथे चिकटलेली होती ती जागा काही काळ तशीही रक्तवाहिन्यांनी भरलेली असू शकते आणि मृत अवशेषाला प्रवाह नसतोही. चित्रासोबत स्राव किती, ताप आहे का, कितवा दिवस आहे, हे विचारावेच लागते. सुईणीचे जुने प्रश्न या रीतीने यंत्राच्या शेजारी परत आले.

प्रसूतीनंतर लगेच होणाऱ्या प्रचंड रक्तस्रावात तर यंत्राला दुय्यम स्थानच आहे. तेथे पोटावरचा हात आणि औषध आधी लागते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया येथील ८० रुग्णालयांच्या अभ्यासात रक्त मोजणारी खुणांची प्लास्टिक चादर आणि सर्व उपचार एकत्र, एकाच वेळी सुरू करण्याची पद्धत यांमुळे गंभीर परिणामांत सुमारे ६० टक्के घट झाली.

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्रात सोनोग्राफीची सार्वजनिक चर्चा वेगळ्याच कारणाने झाली. लिंगनिदानावर नियंत्रण आणणारा कायदा करणारे महाराष्ट्र हे १९८८ मध्ये देशातील पहिले राज्य ठरले. केंद्राचा कायदा १९९४ चा. शून्य ते सहा वयोगटातील मुलींचे प्रमाण दर हजार मुलांमागे १९९१ मध्ये ९४६ होते, ते २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाले. कायद्याची आवश्यकता यावरून स्पष्ट होते. परंतु शासन, चळवळी आणि वृत्तपत्रे यांच्या दृष्टीने यंत्राखाली झोपलेली स्त्री ही कायम गर्भवती स्त्रीच राहिली. यंत्राची नोंद, त्याची जागा, गर्भवतीचा अर्ज यांवर भरपूर लिहिले गेले. प्रसूतीनंतर आठव्या-नवव्या दिवशी रक्त जात असलेली स्त्री या लेखनात क्वचितच येते.

ती किती मोठ्या संख्येने होती, हे गडचिरोलीत कळले. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी १९९५-९६ मध्ये ३९ गावांतील ७७२ स्त्रियांचे घरीच निरीक्षण केले. निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. ४२.९ टक्के स्त्रियांना सूतिकाकाळात कोणता ना कोणता त्रास झाला. उशिरा होणारा रक्तस्राव १५.२ टक्के आणि जननमार्गाचा जंतुसंसर्ग १०.२ टक्के स्त्रियांमध्ये आढळला. रुग्णालयाच्या नोंदवहीत यांतील बहुतेक जणी आल्याच नसत्या. या स्त्रियांची नोंद कोणत्याही पडद्यावर झालेली नव्हती. गावातल्याच प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्या घरी जात, स्राव किती आहे, त्याला वास येतो का, अंग तापले आहे का, हे विचारीत आणि लिहून घेत.